कॅरट केक कुकीज घरी करताना: सगळा खेळ गाजरातल्या पाण्याचा

पहिल्यांदा या कुकीज केल्या तेव्हा ओव्हनमधून जे बाहेर आलं त्याला कुकी म्हणवत नव्हतं. वरून फुगलेले, आतून मऊ लुसलुशीत असे सोळा बुटके मफिनच ते. चव चांगली होती म्हणून खपले. उरलेले डब्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर सगळे एकमेकांना चिकटून एकच लादी झालेली. मापं बरोबर होती, ओव्हनही ठीक होता. गाजर किसलं आणि तसंच पिठात ढकललं, तिथेच सगळं बिनसलं.

जरा हिशोब करून बघा. गाजरात वजनाच्या साधारण ८८ टक्के पाणी असतं, म्हणजे १०० ग्रॅम किसात ८८ ग्रॅम पाणी. कवचाशिवाय ५० ग्रॅम भरणाऱ्या अंड्यात ते ३८ ग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे तेवढा कीस पिठात घालणं हे पाण्याच्या बाबतीत दोन जास्तीची अंडी फोडून घालण्यापेक्षाही वरचढ झालं. केकला एवढं पाणी मानवतं, हवंही असतं. कुकीला नाही. भाजताना या पाण्याची वाफ होऊन कुकी वर उचलली जाते, आणि मैद्याला प्यायला भरपूर मिळाल्यामुळे आतला भाग केकसारखा जाळीदार बसतो. कडेला कुरकुरीत आणि मध्ये चिवट-मऊ अशी कुकी हवी असेल तर पाणी जमेल तिथून काढून टाकायचं. मी ते तीन ठिकाणांहून काढते: गाजरातून, बटरमधून आणि अंड्यातून. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती फिरते.

साहित्य (प्रत्येकी ४० ग्रॅमच्या सुमारे १६ कुकीज)

- गाजराचा कीस १०० ग्रॅम (पिळल्यावर अंदाजे ७० ग्रॅम उरेल)
- बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम
- ब्राऊन शुगर ११० ग्रॅम
- साधी बारीक साखर ५० ग्रॅम
- अंड्याचा पिवळा बलक १
- व्हॅनिला इसेन्स १ छोटा चमचा
- मैदा १५० ग्रॅम
- रोल्ड ओट्स ५० ग्रॅम
- बेकिंग सोडा अर्धा छोटा चमचा
- मीठ पाव छोटा चमचा
- दालचिनी पूड दीड छोटा चमचा, सुंठ पूड अर्धा छोटा चमचा, चिमूटभर किसलेलं जायफळ
- आक्रोड ५० ग्रॅम
- बेदाणे ४० ग्रॅम (आवडत असतील तरच)

छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, मोठा म्हणजे १५ मिलिलिटरचा. बाकी सगळं वजनकाट्यावर मोजा, निदान मैदा आणि गाजर तरी. कप पिठात खुपसून भरला की दाबून १५० ग्रॅम मैदा बसतो, चमच्याने हलकेच भरला की १२० ते १२५. एवढ्या फरकाने एकाच कृतीतून एकदा दगड निघतो आणि एकदा पापडी. गाजराचं तर विचारूच नका. कपात कीस किती दाबला यावर सगळं अवलंबून.

गाजर

मध्यम जाडीची, टणक गाजरं घ्या. फार मोठ्या, जून गाजराचा मधला गाभा फिकट आणि लाकडासारखा असतो, तो भाजूनही दाताखाली येतो. किसणीची बारीक भोकं वापरा, पण लगदा करणारी अगदी बारीक बाजू नको. गाजर किसणीवर आडवं धरलं तर लांब लांब दोरे निघतात. टोकाकडून, उभं धरून किसलं की कीस आखूड निघतो, एक सेंटिमीटरच्या आतबाहेर. कुकी तोडताना गाजराचा दोरा ओढला जाऊन निम्मी कुकी त्याच्यासोबत येणं टाळायचं तर हेच बरं. तयार मिळणारा कीस जाड आणि कोरडा पडलेला असतो, या कामाचा नाही.

आता पिळणं. १०० ग्रॅम कीस मोजून घ्या, एका वेळी मुठीत मावेल तेवढाच उचला आणि वाटीवर धरून दाबा. पहिल्या दाबाला केशरी रस बोटांमधून वाहतो, दुसऱ्याला थेंब पडतात, तिसऱ्याला तळहात नुसता ओला होतो. तिथे थांबायचं. सगळा कीस पिळून झाला की वाटीत दोन मोठे चमचे रस जमलेला असतो. तो करणाऱ्याने प्यायचा. मग कीस स्वच्छ फडक्यावर पसरून वरून एकदा टिपून घ्या आणि पुन्हा वजन करा. ६५ ते ७५ ग्रॅम असेल तर छान.

वजनकाटा नसेल तर चिमूटभर कीस तळहातावर टाकून बघा. गोळा होऊन पडला तर अजून पाणी आहे. मोकळा होऊन पसरला आणि हात किंचित दमट राहिला तर झालं. इथे हात आखडता घेणंही जमलं पाहिजे. पहिल्या फजितीनंतर मी इरेला पेटून फडक्यात बांधून इतका पिळला की कीस ५० ग्रॅमवर आला. त्या कुकीज सुतळीचे तुकडे घातल्यासारख्या लागल्या, आणि गाजराचा गोडवा रसासोबत निघून गेला तो वेगळाच.

पिळलेला कीस साखरेत मिसळून ठेवू नका. साखर त्यातून आणखी पाणी ओढून काढते आणि दहा मिनिटांत भांड्याच्या तळाशी पाक जमतो. कीस लागेल तेव्हाच मिश्रणात जाईल.

बटर कढवणं

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ ते १८ टक्के पाणी. ते पाणी उडवायचं आणि जाता जाता चवही कमवायची, म्हणून बटर कढवायचं. पातेलं आतून उजळ रंगाचं घ्या. काळ्या नॉनस्टिकमध्ये रंग कधी बदलला ते कळत नाही आणि मग वासावरून कळतं, जेव्हा फार उशीर झालेला असतो.

बटरचे तुकडे मध्यम आचेवर वितळू द्या. थोड्या वेळात मोठे बुडबुडे येतील आणि तडतड आवाज सुरू होईल. हा पाण्याचा आवाज. पाणी संपत आलं की आवाज बसतो आणि वर बारीक, दाट फेस येतो. इथून पुढे पातेल्याजवळून हलू नका, चमच्याने तळ खरवडत राहा. एक-दोन मिनिटांत फेसाखाली बेरी सोनेरी होऊ लागते आणि भाजलेल्या आक्रोडासारखा वास सुटतो. बेरी तपकिरी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात ओता, बेरीसकट. गॅस बंद करून बटर पातेल्यातच ठेवलं तर तळाच्या उष्णतेने ती जळते आणि कडवट होते.

ही जी खमंग चव येते ती दुधातली प्रथिनं आणि दुधातलीच साखर तापून एकमेकांशी संयोग पावल्याने. लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये अशा प्रक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचंच नाव मिळालं. कुकीची कड तपकिरी होते तीही मुख्यतः याच कारणाने.

कढवलेलं बटर वजन केलंत तर ९५ ग्रॅमच्या आसपास भरेल. जास्त वेळ राहून ९० झालं असेल तर उरलेल्या भरीला साधं बटर टाका, ते गरम बटरमध्ये आपसूक वितळेल. मग वीस-पंचवीस मिनिटं निवू द्या. बोट बुडवलं तर कोमट लागावं. गरम बटरमध्ये बलक घातला की त्याच्या गुठळ्या होतात आणि मिश्रण इतकं पातळ राहतं की मैदा जास्त घालायचा मोह होतो. तो मोह फार महागात पडतो.

कालवणं

हे काम दहा मिनिटांचं आहे, मिक्सर लागत नाही.

ओव्हन आधी १७५ अंशांवर तापवून आक्रोड सात-आठ मिनिटं भाजा, निवले की जाडसर चिरा. कच्चे आक्रोड कुकीत मऊ आणि किंचित तुरट लागतात. बेदाणे भिजवू नका. एवढा खटाटोप करून काढलेलं पाणी मागच्या दाराने परत आणण्यात अर्थ नाही.

मैदा, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र चाळून घ्या. सोड्यासाठी चाळणी हवीच. सोड्याची गुठळी राहिली तर तिच्याभोवती साबणासारखी चव येते आणि कधी कधी गाजराच्या कडा हिरवट पडतात. गाजरात क्लोरोजेनिक आम्ल असतं, ते अल्कधर्मी सोड्याच्या संगतीत हिरवा रंग धरतं. सूर्यफुलाच्या बिया घालून केलेल्या कुकीज आतून हिरव्या होतात त्यामागेही हेच कारण. खायला काही धोका नाही, पण ताटलीत ठेवल्यावर बुरशी वाटते आणि कुणी हात लावत नाही.

कोमट बटरमध्ये दोन्ही साखरा घालून मिनिटभर व्हिस्कने फेटा. ओल्या वाळूसारखं दिसेल, घाबरू नका. बलक आणि व्हॅनिला घालून पुन्हा फेटलं की मिश्रण एकजीव, चकचकीत आणि घट्टसर होतं. पांढरं काढून ठेवायचं कारण तेच: त्यात जवळजवळ ९० टक्के पाणी. बलक मात्र कुकीला तो चिवट-मऊ पोत देतो, त्याला सुट्टी नाही. अंडं चालत नसेल तर एक मोठा चमचा घट्ट दही आणि एक छोटा चमचा तेल घाला. कड थोडी कमी कुरकुरीत होते, म्हणून मिनिटभर जास्त भाजा.

आता गाजर घाला आणि बटरमध्ये नीट घोळवा. गाजराला केशरी रंग देणारं कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतं, त्यामुळे सगळं मिश्रण बघता बघता सोनेरी-केशरी होतं. कॅरोटीनला नावही गाजरावरूनच मिळालं. वाकेनरोडर या जर्मन संशोधकाने १८३१ मध्ये ते गाजरातूनच वेगळं केलं होतं.

चाळलेला मैदा आणि ओट्स घालून स्पॅचुलाने फक्त खालून वर करत मिसळा. पांढऱ्या रेघा दिसेनाशा व्हायच्या आत आक्रोड-बेदाणे टाका आणि दोन-चार हात फिरवून थांबा. जास्त घोटलं तर ग्लुटेन तयार होऊन कुकी रबरासारखी होते. बेकिंग पावडर इथे मुद्दाम नाही. ब्राऊन शुगरमधल्या मोलॅसिसची आम्लता सोड्याला पुरते, आणि आपल्याला फुगवायचं नाहीच आहे. ओट्स मात्र वगळू नका. गाजरातून पुढे जो थोडाफार ओलावा सुटतो तो शोषून घेण्याचं काम त्यांच्याकडे आहे. चटकन शिजणारे, भुगा झालेले ओट्स नकोत.

फ्रिजमधला एक तास

या क्षणी मिश्रण सैल आणि तेलकट दिसतं. मैदा वाढवू नका. झाकून तासभर फ्रिजमध्ये ठेवा. बटर पुन्हा घट्ट होतं, ओट्स आणि मैदा पाणी पितात, आणि मसाल्यांचा वास सगळीकडे पसरतो. रात्रभर ठेवलं तरी चालतं, चोवीस तासांपुढे मात्र गाजर पुन्हा पाझरू लागतं.

थंड मिश्रणाचे ४० ग्रॅमचे गोळे करा. फार गुळगुळीत करायची गरज नाही. उंचीला जरा जास्त ठेवा, दाबून चपटे करू नका, भाजताना ते आपोआप बसतात.

भाजणं

ओव्हन १७५ अंशांवर, वीस मिनिटं आधीपासून. पंखा चालू ठेवणार असाल तर १६०. ओटीजी असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल आणि मधला कप्पा. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांची गाठ पडेलच असं नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर या बाबतीत डोळे उघडतो.

सगळा ट्रे भरायच्या आधी एकच गोळा भाजून बघा. ही सवय लावून घेतली तर बाकीच्या पंधरा वाचतात. तो फुगून गोलच राहिला तर गाजरात पाणी राहून गेलंय. बाकीचे गोळे बोटांनी दीड सेंटिमीटर जाडीपर्यंत चपटे करून ठेवा आणि मिनिटभर जास्त भाजा, अगदी हवी तशी नाही पण चांगली कुकी मिळेल. तो पसरून पातळ चकती झाला तर गोळे गार नव्हते किंवा मैदा कमी पडला. अर्धा तास आणखी गार करा, तरीही तसंच झालं तर एक मोठा चमचा मैदा मिसळा.

पसंत पडला की बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये आठ गोळे, मध्ये पाचेक सेंटिमीटर अंतर, आणि ११ ते १३ मिनिटं. एका वेळी एकच ट्रे.

झालं हे ओळखणं हीच यातली अवघड जागा. एरवी आपण सोनेरी रंग येण्याची वाट बघतो. हे पीठ मुळातच तपकिरी-केशरी असल्यामुळे रंगावर विसंबून राहिलात तर हमखास जास्त भाजाल. हात लावून बघा. कडेला बोट टेकवल्यावर खड्डा पडू नये. मधला भाग फुगीर आणि अजून कच्चट वाटला पाहिजे, पण त्यावर ओली चकाकी नको. चकाकी असेल तर आणखी एक मिनिट.

ट्रे बाहेर काढल्याबरोबर कुकीपेक्षा मोठ्या तोंडाचा पेला उपडा ठेवून आतल्या आत गोल फिरवा. वेड्यावाकड्या कडा आत ढकलल्या जाऊन कुकी गोल आणि मध्ये जाड होते. गरम आहे तोवरच हे जमतं, अर्ध्या मिनिटानंतर कड तुटते. मग दहा मिनिटं त्याच ट्रेवर राहू द्या, मधला भाग त्या उष्णतेवर शिजून बसतो. नंतर जाळीवर. ट्रेवरच विसरलात तर खाली वाफ धरून बूड ओलं होतं.

वरचं क्रीम

क्रीम चीजशिवायही या कुकीज पूर्ण आहेत असं माझं मत. पण कॅरट केक म्हटलं की लोक त्या पांढऱ्या थराकडेच बघतात.

१२० ग्रॅम क्रीम चीज, ५० ग्रॅम मऊ बटर, ८० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस, चिमूटभर मीठ. आधी बटर आणि साखर हलकं होईपर्यंत फेटा. क्रीम चीज फ्रिजमधून काढलेलं, गारच, तुकडे करून शेवटी घाला आणि गुठळ्या मोडेपर्यंतच, फार तर अर्धा-पाऊण मिनिट फेटा. सगळं एकदम घालून मशीन चालू ठेवलं की ते पाझरतं आणि पातळ होत जातं. मग कितीही साखर ओता, नुसतं गोड होतं, घट्ट होत नाही. वडीच्या रूपात मिळणारं चीज घ्या, ब्रेडला लावायचं डबीतलं जास्त सैल असतं. कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय लावू नका.

जोड कुकीज करायच्या असतील तर २० ग्रॅमचे गोळे करा, आठ-नऊ मिनिटं भाजा आणि दोघींच्या मध्ये एक छोटा चमचा क्रीम. या प्रमाणात सोळा जोड्या होतात.

ठेवणं

क्रीम लावलेल्या कुकीज फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. नुसत्या कुकीज हवाबंद डब्यात बाहेर तीन दिवस राहतात, थरांमध्ये कागद घालून, नाहीतर माझी लादी आठवा. दुसऱ्या दिवशी मसाल्यांची चव अधिक खुलते, पण गाजराचा ओलावा हळूहळू कडेपर्यंत पोचून कुरकुरीतपणा जातो. १५० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवून गार केल्या की तो परत येतो. म्हणून क्रीम वेगळ्या डबीत ठेवून खाताना लावलेलं जास्त सोयीचं.

मी मात्र सहसा सगळ्या एकदम भाजत नाही. गोळे ट्रेवर सुटे गोठवून मग पिशवीत भरते, दोन महिने चांगले राहतात. हवे तेव्हा चार काढायचे, वितळू न देता थेट ओव्हनमध्ये, वेळ दोन मिनिटं जास्त. वितळू दिले तर गोठताना फुटलेल्या गाजरातून पुन्हा पाणी सुटतं.